एक प्रत, एका घरासाठी

नाही, पण मला एक सांगा, घर म्हणजे नक्की किती? कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, बोट ठेवून दाखवेल का कुणी? परवा मी हे एका शिकाऊ बाईंना विचारलं, त्या चौकात वळण घेत होत्या, म्हणाल्या, "सर, आत्ता नका हो विचारू," आणि गाडी थेट दुकानाच्या पायरीवर. त्यांची चूक नाही, प्रश्नच तसा आहे. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, सांगायचं राहिलंच. स्कूल म्हणजे काय, एक गाडी, तिच्या डोक्यावर पाटी आणि शेजारच्या सीटवर मी. माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव माझा, अशी इतकी वर्षं काढली आहेत की घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना कुणी जिना उतरताना दिसलं तरी माझा पाय आपोआप दाबला जातो. बायको म्हणते, "अहो, ती बाई पडत नाहीये, पाय सोडा." सोडतो. पुन्हा दाबतो. स्वभावच असा झालाय, काय करणार...

तर तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं एका जहाजापासून. खरं जहाज नव्हे, कॉम्प्युटरमधलं. आमच्या लेकीला सुट्टी लागली आणि तिला एक खेळ हवा होता, सगळ्या वर्गाकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही, हे पुराण तुमच्याही घरात झालंच असेल. म्हटलं, मारामारी आहे का? म्हणाली, "नाही बाबा, मालवाहू जहाज आहे. एकाने नकाशा बघायचा, एकाने सुकाणू धरायचं, एकाने इंजिन सांभाळायचं आणि एकाने पंप मारत राहायचं, कारण जहाज गळकं आहे." गळकं का आहे? दुरुस्त करून का नाही निघायचं? पण हे विचारायचं नसतं. घेतला खेळ. रीतसर, विकत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझ्यावरच शेकलं.

आता खेळ चढवताना काय होतं, पडद्यावर एक लांबलचक मजकूर येतो आणि खाली बटण असतं, "मान्य आहे." तुम्ही काय करता? मीही तेच करतो. जगात सगळे तेच करतात. मी बटणाकडे बोट नेलं आणि मागून आवाज, "थांबा. वाचू द्या."

आमची ही वाचते. औषधाच्या बाटलीवरचं वाचते, लिफ्टमधलं वाचते, लग्नाआधी तिने माझ्याबद्दल काही वाचलं नाही एवढीच काय ती चूक. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि तो अख्खा मजकूर बातम्या सांगितल्यासारखा वाचला. त्यात मध्येच एक ओळ होती. "ही एक प्रत एका घरासाठी आहे. घरातील माणसे ती आपापल्या यंत्रांवर चढवून घरच्या नेटवर्कवर एकत्र खेळू शकतात." ही म्हणाली, "बघा, किती चांगली माणसं आहेत. घराला एक पुरेल म्हणतात. दाबा आता." दाबलं. तेव्हा कुणाला माहीत होतं, त्या ओळीतल्या "घर" या शब्दावर आमचं जहाज फुटणार आहे...

ही असं का करते, ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई खडूस आहे. ती कपड्यांचे नमुने काढते. फ्रॉक, झबली, कुर्ते... कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, सगळं आखून देते, आणि लोक तो नमुना विकत घेऊन घरी छापून त्यावर शिवतात. एकेका नमुन्यावर ती आठवडेच्या आठवडे बसते. बाहीचा गोल जमला नाही तर जेवत नाही. जेवत नाही म्हणजे वाढतही नाही. तर एकदा तिने एक झालरीचा फ्रॉक काढला, फार सुंदर, आणि एका शिवणक्लासवाल्या बाईंनी तो विकत घेतला. एक. पुढे त्याच बाईंचा फोटो आला, तीस-चाळीस पोरी ओळीने उभ्या, सगळ्यांच्या अंगात आमच्या हिचा फ्रॉक, आणि खाली, "ताई, तुमचा नमुना सगळ्या क्लासला इतका आवडला, सगळ्यांनी छापून घेतला. तशाही या मुली विकत घेणार नव्हत्याच." आता यावर माणसाने रडायचं की आभार मानायचे? ही दिवसभर तो फोटो उघडून बघत होती. मी म्हटलं, "रागावलीस?" म्हणाली, "झालर सरळ लावली आहे हो सगळ्यांनी." एवढंच. पण त्या दिवसापासून ती वाचते.

बरं, तर जहाज. लेक नकाशावर, मी सुकाणूवर. तुम्हाला वाटेल, ड्रायव्हिंगचा मास्तर, चुटकीसरशी नेईल. अहो, जहाजाला ब्रेक नसतो. कुणी सांगितलं होतं मला? समोर खडक आला की मी टेबलाखाली पाय दाबतोय, दाबतोय, आणि जहाज आपलं शांतपणे खडकाकडे. लेक ओरडतेय, "बाबा, वळवा." मी वळवतोय, ते निवांत विचार करून वळतंय, सरकारी फायलीसारखं. त्यात पंपावर कुणी नाही, इंजिनावर कुणी नाही, बुडालो. पुन्हा निघालो, पुन्हा बुडालो. लेक म्हणाली, "बाबा, दोघांचं काम नाही हे. आई येतेस?" आई म्हणाली, "मला पोहता येत नाही," आणि कात्री घेऊन निघून गेली.

मग लेकीने हळूच विचारलं, "सळईला बोलावू?"

सळई म्हणजे माझा पुतण्या. वाळकुडा, उंच, म्हणून सळई. राहतो वर. वर म्हणजे आमच्याच डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. आणि इथेच तुम्हाला विचारतो, घर म्हणजे नक्की किती? कारण हे घर वडिलांचं. ते गेले, आणि दादाने आणि मी वाटणी केली. भांडून नाही, अगदी हसत. दादा वर, मी खाली. जिना बाहेरून काढला, मधलं दार विटांनी बुजवलं, विजेचे मीटर वेगळे, दाराच्या पाट्या वेगळ्या. तोपर्यंत सगळं गोड. पण दादा जमीनमोजणी खात्यात. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या, तो स्वतःच्या अंगणात गप्प बसेल? एका सकाळी टेप घेऊन आला, खाली बसला, आणि अंगणाच्या बरोब्बर मधून पांढऱ्या रंगाची रेघ मारली. "गाड्यांना बरं पडेल," म्हणाला. आता माझी गाडी थोडी लांब आहे, तिचं बूड रेघेच्या पलीकडे जातं. वीतभर. दादा म्हणाला, "वीतभर पुढे घे." म्हटलं, "पुढे भिंत आहे." म्हणाला, "भिंत तुझ्या हद्दीत आहे, तिचं काय करायचं ते तू बघ."

झालं. त्यावरून बोलणं बंद. सख्खे भाऊ, डोक्यावर त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येतो, तो शिंकला की मला कळतं, आणि बोलणं काय? "टाकी भरली?" "भरली." संपलं. वहिनी आणि ही बोलतात, मुलं बोलतात, आम्ही दोघंच मुके. अंगणात समोर आलो की तो आकाशाकडे बघतो, मी टायरकडे.

असो, सळई आला. म्हणजे आला नाही, त्याने खिडकीतून एक निळी वायर खाली सोडली, लेकीने ती आमच्या राऊटरला खुपसली, एका पेन ड्राइव्हवर खेळाची प्रत वर गेली, आणि सळई इंजिनावर रुजू. मी म्हटलं, वा, पोरांनी भिंत न फोडता दार केलं. तरी पंप मोकळाच. तर सळई कानातल्या हेडफोनमधून म्हणतो, "काका, माझ्याकडे एक माणूस आहे, पंप मारायला तयार आहे, पण तो बोलत नाही. चालेल?" म्हटलं, चालेल, पंपाला काय बोलायचंय.

आणि काय सांगू तुम्हाला, काय पंप मारायचा तो माणूस. पाणी चढूच देईना. कुठल्या कप्प्यात किती पाणी, आधी मागचं काढायचं की पुढचं, सगळं मोजूनमापून. जहाज पहिल्यांदा बंदराला लागलं. लेक नाचली. दुसऱ्या दिवशी परत, संध्याकाळी क्लास संपवून आलो की आधी हेडफोन, मग चहा. आणि एकदा भर वादळात, मी सुकाणूशी झगडतोय, कानात वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यातून मला खोकला ऐकू आला. दोन छोटे, एक लांब.

माझे हात थांबले. हा खोकला मी लहानपणापासून ऐकतोय हो. एका खोलीत झोपायचो आम्ही.

  सळई आणि लेक श्वास धरून बसलेले, कारट्यांना सगळं माहीत होतं. मग कानात सावकाश आवाज आला, "डावीकडे घे. उजवीकडे उथळ आहे." मी डावीकडे घेतलं. म्हटलं, "पाणी किती?" म्हणाला, "आहे आटोक्यात. तू बघ पुढे." बास. एवढंच. पण रेघ मारल्यापासूनचं आमचं ते सगळ्यात मोठं संभाषण.

आणि मग गंमत बघा. जहाजावर आम्ही बोलायला लागलो. "पुढे धुकं आहे," "मागच्या कप्प्यात गळतंय," "अरे हळू, माल सरकतोय." एकदा तो हसलासुद्धा, मी जहाज दीपगृहावर घातलं तेव्हा, इतका हसला की पंप विसरला आणि बुडालो. आणि सकाळी अंगणात? तो आकाशाकडे, मी टायरकडे. जमिनीवर पाय लागला की भांडण, पाण्यावर गेलो की भाऊ. मी म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय, दाबू नये ब्रेक.

पण ब्रेक माझ्या एकट्याच्या पायाखाली थोडाच असतो.

ही एकदा वाळत घातलेले कपडे काढायला खिडकीशी गेली आणि तिला ती निळी वायर दिसली. वायरीवरून नजर वर नेली, वायरीवरून खाली आणली, आमच्या राऊटरपर्यंत. आत आली. हेडफोन काढायला लावले सगळ्यांना. सळईला वरून बोलावलं.

"वर किती जण खेळतात?"

लेक म्हणाली, "दोघं. सळई आणि... अजून एक."

"प्रत कुणाची?"

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. ही म्हणाली, "एका घरासाठी म्हणून लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचलं होतं. वरचं घर वेगळं आहे."

आता लेक माझी, तोंडाळ. म्हणाली, "आई, आपण मैत्रिणीकडून पुस्तक आणून वाचतोच ना? ते चालतं?"

"चालतं. पुस्तक इकडे आलं की तिच्या कपाटात फट पडते. हे इकडेही आहे आणि वरही आहे. फट कुठे आहे दाखव."

मी मध्ये पडलो. पडायला नको होतं. म्हटलं, "अगं, बुद्धिबळाचा पट एकच असतो, खेळणारे दोन. दुसरा काय आपला पट विकत घेऊन येतो?"

"मग बसा की सगळे एका कॉम्प्युटरवर, मांडीला मांडी लावून. माझी काही हरकत नाही."

सळई बिचारा पडेल आवाजात म्हणाला, "काकू, पण त्यांचं नुकसान काय झालं? मी तसाही विकत घेणार नव्हतोच."

हिने सळईकडे बघितलं. मग म्हणाली, "हेच वाक्य, बाळा. अगदी हेच वाक्य त्या क्लासवाल्या बाईंनी मला लिहिलं होतं." आणि आत गेली. सळईने खाली मान घातली. त्या फ्रॉकचा फोटो आम्ही सगळ्यांनी बघितला होता ना.

बरं, यावर उपाय सोपा. वरच्यांनी दुसरी प्रत घ्यायची. दादाला काही जड नाही. पण सांगायचं कुणी? मी. जिना चढलो. किती तरी दिवसांनी चढत होतो, पाय प्रत्येक पायरीवर ब्रेक मारतोय. दादाने दार उघडलं, गळ्यात हेडफोन तसाच, पंपवाल्या माणसाच्या वेषात. मी सांगितलं, असं असं आहे, दुसरी प्रत घ्यावी लागेल, कारण नियम एका घरासाठी आहे.

दादा म्हणाला, "घेणार नाही."

"अरे, का?"

"दुसरी प्रत घेतली म्हणजे मी कबूल केलं की ही घरं दोन आहेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "दादा, दार कुणी बुजवलं? पाट्या वेगळ्या कुणी केल्या? अंगणात रेघ कुणी मारली?"

"रेघ गाड्यांसाठी होती," तो म्हणाला. "घरासाठी नव्हती." आणि दार लावलं.

आता मला सांगा, घर म्हणजे नक्की किती? ज्याने टेप लावून दोन केलं, तोच म्हणतो एक. आणि जी कधी कुणाशी भांडली नाही, ती म्हणते दोन. मी खाली येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "एक असेल तर एकासारखं राहा. दोन असतील तर दोन घ्या. एकदा दोन आणि फुकट हवं तेव्हा एक, असं नाही चालणार." बरोबरच आहे हो. चूक कुठे काढायची? दादाही बरोबर, हीही बरोबर, आणि जहाज बंद.

वायर काढली नाही, पण कुणी खेळेना. लेक उगाच फ्रीज उघडून बघत बसायची. सळई गॅलरीत लोंबायचा. मी क्लासवरून यायचो आणि माझ्या हातांना काही काम नाही, नुसत्या येरझाऱ्या. आणि अंगणात दादा पुन्हा आकाशाकडे. पण आता ते आधीसारखं नव्हतं, आधी मला त्याचा राग तरी येत होता. आता मला माहीत होतं ना, हा हसतो, अजून तसाच हसतो.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "मला एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. तुमचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. वरचं छतातून, खालचं भिंतीतून." म्हटलं, "मग चालू दे की." म्हणाली, "नाही. नियम मोडायचा नाही. पण हेही बंद पडायला नको." आणि हात पुसून तिने त्या खेळाच्या कंपनीला फोन लावला.

तिकडे एक गोड आवाज. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?"

ही म्हणाली, "मला सांगा, घर म्हणजे काय?"

तिकडे कीबोर्डची टकटक. मग, "मॅडम, आपला खेळ चढत नाहीये का?"

"चढलाय. जरा जास्तच वर चढलाय. तुम्ही लिहिलंय, एका घरासाठी. घर म्हणजे तुम्ही काय धरता?"

"एकाच पत्त्यावर राहणारी माणसं, मॅडम."

"पत्ता एकच आहे. दारं दोन आहेत."

"छत?"

"एकच. पण आमचं जे छत, ती त्यांची फरशी."

"अच्छा... स्वयंपाक?"

"हे नियमात आहे का?"

"नाही मॅडम, मीच विचारतोय." आणि तो गोड आवाज एकदम साधा झाला. "आमच्याकडे पण असंच आहे हो. मी आणि माझा मोठा भाऊ. मध्ये पत्रा ठोकलाय." मग तो त्याच्या भावाचं सांगायला लागला, भावाने नळ कसा तोडला, आईच्या औषधाला कोण उठतं, आणि आमची ही फोन कानाला लावून "हो का, अरेरे, तुम्ही जेवलात का," करतेय. मदत कोण कोणाची करतंय काही कळेना. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, आमची सिस्टीम एक राऊटर म्हणजे एक घर धरते. घराचं एक खातं उघडायचं, एकाला घरप्रमुख करायचं आणि त्यावर चार जणांना घ्यायचं. चारच बरं का. पण दोन राऊटर असतील तर दोन घरं. सिस्टीमला भाऊबिऊ कळत नाही."

ही उठली, मला म्हणाली, "चला." जिना चढलो. दादा दारात. ही म्हणाली, "भाऊजी, एकच विचारते. तुमचा राऊटर वेगळा आहे. तो राहिला तर घरं दोन, प्रती दोन. आमच्यावर आलात तर घर एक, प्रत एक. दोन्ही रीतसर आहे. मी कशालाही तयार आहे. पण सांगायचं तुम्ही, आणि सांगितलं की सगळ्यालाच लागू."

 मी त्याच्या पायाकडे बघत होतो. मग तो खिडकीशी गेला. निळी वायर तिथून खाली गेली होती आणि तिच्यामुळे खिडकी अर्धवट उघडी. तो म्हणाला, "हिच्यामुळे खिडकी लागत नाही. डास येतात. भिंतीला भोक पाडून नीट आतून घेऊ." आणि वळून त्याने स्वतःच्या राऊटरची पिन काढली. दिवे विझले त्याचे. वहिनी आतून म्हणाल्या, "माझी मालिका..." पण त्याने ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी लावत होतो, सवयीने भिंतीला नाक चिकटवून, तरी बूड वीतभर पलीकडे. दादा जिन्यातून उतरला. आकाशाकडे बघितलं नाही. म्हणाला, "अजून मागे घे. भिंतीला घासतेय तुझी." मी मागे घेतली. त्याने हाताने खुणावलं, अजून. अजून. मग बोनेटवर थाप मारून निघून गेला. मी बराच वेळ गाडीतच बसून राहिलो, चावी काढायचीही शुद्ध नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय आहे? गोड झालं की. थांबा. घाई काय आहे?

खातं उघडायला बसलो. घरप्रमुख कोण? दादा म्हणाला, मी मोठा. मी म्हटलं, प्रत मी आणली. दोघांचाही आवाज पूर्वीच्या पट्टीत जायला लागला, तेवढ्यात हिने लेकीचं नाव टाकलं. म्हणाली, कप्तान तीच आहे, प्रमुखही तीच. ठीक. लेकीने स्वतःला घेतलं, सळईला घेतलं, मोठ्या काकाला घेतलं. एक जागा उरली, सुकाणूची. माझी. मी क्लासला गेलो होतो, एक शिकाऊ आजोबा आहेत, ते क्लच सोडतच नाहीत, त्यांना सोडवता सोडवता उशीर झाला, आणि यांचं वादळ आलं. तर लेक म्हणाली, "आई, दोन मिनिटं धर गं." दोन मिनिटं! अहो, ती बाई आयुष्यभर बाहीचे गोल कापतेय, तिला वळणं काय शिकवता? खडकांच्या मधून तिने ते जहाज असं काढलं म्हणे, कात्री चालावी तसं. दादा म्हणाला, "इतका कमी पंप मी आजवर कधी मारला नव्हता." दादा हे माझ्या तोंडावर म्हणाला.

मी आलो तेव्हा चौघं बंदरात. ही माझ्या खुर्चीत, हेडफोन लावून, गाल लाल. म्हटलं, "झालं ना? दे आता." लेक म्हणाली, "बाबा, खरं सांगू? तुम्ही फार थांबवता हो. ते पाय दाबणं आम्हाला कानात ऐकू येतं, टेबल हलतं." जहाज बंदराला लागलं म्हणून दादाही खाली आला होता, मी त्याच्याकडे बघितलं. भाऊ ना माझा? दादा म्हणाला, "नियमात चारच बसतात रे. मी तरी काय करू?"

सध्या संध्याकाळी आमच्या घरात हसण्याचा नुसता कल्लोळ असतो. वरून, खालून, स्वयंपाकघरातून. वहिनी वाटाणे सोलत बघायला येऊन बसतात. आणि मी? मी बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालतो, कान लावून, आणि खडक आला असं वाटलं की उभ्या उभ्या पाय दाबतो. मी हिला म्हटलं, एका कोपऱ्यात, हळूच, की पाचवा म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवर चढवून नुसता एकटा सराव करतो, कुणाला कळणार आहे? तिने चष्म्यावरून बघितलं. नुसतं बघितलं. मी म्हटलं, "नाही, सहज विचारलं."

शेवटी काल मी गेलो आणि दुसरी प्रत घेतली. रीतसर, विकत. चढवायला बसलो, तर पडद्यावर नवीन प्रश्न आला, "आपल्या घरात एकूण किती माणसे?" मी बोटांवर मोजून बघितलं. मग लिहिलं, "एक."

ही चहा घेऊन मागे येऊन उभी होती. तिने पडद्यावरचं सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न सोडता, आणि म्हणाली, "हं. आता बसतं नियमात."